एका धूलिकणाची तीन घरं

दुपारी दारं-खिडक्या लोटून घेतल्या, की एखाद्या फटीतून उन्हाची तिरपी पट्टी खोलीत उतरते. त्या कवडशात असंख्य बारीक कण तरंगताना दिसतात. मधून हात फिरवला की गरगरतात आणि ऊन सरकलं की दिसेनासे होतात. पण ते जात कुठेच नाहीत बरं का! तिथेच असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

आज या न दिसणाऱ्या धुळीतल्या एका कणाची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव सिलिका. नाव परकं वाटलं तरी ओळख जुनी आहे. बहुतेक ठिकाणच्या वाळूत मुख्य भाग सिलिकाचाच असतो. काळोखात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून तुम्ही उजेड पाडला असेल, ती गारगोटीही सिलिकाच. सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही दोन मूलद्रव्यं मिळून सिलिका बनते. पृथ्वीच्या कवचात वजनानं पहिला नंबर ऑक्सिजनचा आणि दुसरा सिलिकॉनचा. म्हणजे आपण सगळे या दोघांच्या डोक्यावरच उभे आहोत म्हणा ना!

या कणानं तीन ठिकाणी घर केलं. पहिलं आपल्या पाटी-पेन्सिलीत, दुसरं संगणकाच्या चिपमध्ये. तिसरं घर मात्र त्यानं कधीच करायला नको होतं. तिथे आपण शेवटी जाऊ.

धुळीतली अक्षरं

पूर्वी आपल्याकडे शाळेत घातलेलं मूल आधी धुळाक्षरं गिरवायचं. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. चुकलं, की फळी हलवली आणि पाटी कोरी! हीच धूळपाटी. ना कागदाचा खर्च, ना शाईचे डाग, ना खोडरबर हरवल्याची भानगड.

या साध्या युक्तीनं एका इंग्रजी शाळेच्या प्रमुखाला चकित केलं होतं. त्यांचं नाव अँड्र्यू बेल. १७८९ साली ते मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. एकदा एका देशी शाळेवरून जाताना त्यांना मुलं वाळूत बोटांनी अक्षरं काढताना दिसली. बेलसाहेबांनी लगेच हीच पद्धत आपल्या शाळेत सुरू करायचं ठरवलं. पण त्यांच्या शिक्षकांना ती काही रुचली नाही. मग त्यांनी काय केलं असेल? जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच त्यांनी मुळाक्षरांच्या वर्गाचा मास्तर केलं! आणि हा छोटा मास्तर चांगलाच यशस्वी झाला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही पद्धत बेल यांनी १७९७ साली लंडनला छापलेल्या पुस्तकात सांगितली. पुढे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

धूळपाटीच्या जागी नंतर दगडी पाटी आली. तुमच्या आईबाबांना विचारा, आजीआजोबांना विचारा. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा केलेली त्यांना नक्की आठवेल. ओल्या फडक्यानं पुसली की पुन्हा नवी होणारी पाटी म्हणजे त्या काळचं मोठं शैक्षणिक तंत्रज्ञानच होतं. आपल्या देशात पाट्यांसाठी आंध्र प्रदेशातलं मार्कापूर नावाजलेलं, तर पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातलं मंदसौर. मंदसौरचं नाव लक्षात ठेवा. तिथे आपल्याला परत यायचं आहे.

वाळूतून चिप

आता दुसऱ्या घरी चला. चिप बनवण्यासाठी आधी शुद्ध सिलिकॉन लागतो. तो मिळवायचा कसा? गारगोटीच्या जातीचा दगड आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवतात. कोळशातला कार्बन सिलिकामधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सिलिकॉन राहतो. पण एवढ्यानं भागत नाही. चिपसाठी तो इतका शुद्ध करावा लागतो, की दर एक अब्ज अणूंमागे परका अणू जेमतेम एखादा सापडावा.

मग हा शुद्ध सिलिकॉन वितळवून त्यातून एक लांबलचक गोल स्फटिक हळूहळू वर ओढतात. ही रीत यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला १९१६ साली सापडली. तिची एक मजेदार गोष्ट सांगतात. लिहिता लिहिता त्यानं टाक दौतीत बुडवण्याऐवजी चुकून शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला. टाक वर काढला, तर टोकाला कथिलाचा बारीक धागा लोंबत होता आणि तो एकसंध स्फटिक होता! दुसरा कुणी असता तर टाक पुसून पुन्हा लिहायला लागला असता. चोक्राल्स्की थांबला आणि त्यानं विचार केला, ‘असं का झालं?’

त्या स्फटिकाच्या पातळ चकत्या कापतात. काकडीच्या असतात ना, तशाच. फक्त जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. या चकत्यांवर प्रकाशाच्या साहाय्यानं नकाशा छापावा तसे विद्युत मंडलांचे थरावर थर चढवतात. मग चकतीचे छोटे चौकोनी तुकडे करतात. असा एक तुकडा म्हणजे एक चिप.

शाळेसाठी केलेला संगणक

तुमच्या घरातल्या मोबाइलच्या पोटात जी चिप आहे, तिच्या घराण्याचा जन्म मुलांना संगणक शिकवण्याच्या एका योजनेच्या आसपास झाला आहे. खोटं वाटतं ना? ऐका तर.

१९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीबीसीनं ठरवलं, की लोकांना संगणक शिकवायचा. त्यासाठी टीव्हीवर मालिका दाखवायची आणि तिच्याबरोबर एक स्वस्त, दणकट संगणकही असायला हवा. केंब्रिजच्या ‘एकॉर्न’ नावाच्या लहानशा कंपनीला हे काम मिळालं. १९८१ च्या डिसेंबरात ‘बीबीसी मायक्रो’ बाजारात आला आणि पाहता पाहता ब्रिटनमधल्या शाळांमध्ये पोचला. तो आपल्याकडेही आला होता! १९८४-८५ मध्ये भारत सरकारनं शाळांमध्ये संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली, तेव्हा निवडक शाळांना हेच संगणक दिले गेले. पंजाबातल्या मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये ‘युनिकॉर्न’ या नावानं ते तयारही होत. कुणाच्या आईनं किंवा काकांनी शाळेत काळ्या कळफलकाचा, लाल बटणांचा संगणक पाहिला असेल, तर तो बहुधा हाच.

पुढे एकॉर्नला जास्त वेगवान संगणक करायचा होता. बाजारातल्या चिप त्यांच्या मनाला येईनात. मग सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी १९८३ साली ठरवलं, चिप आपणच आखायची! पण चिप करणं म्हणजे शेकडो माणसांचं काम, असं सगळे म्हणत. हे दोघं अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका चिप-कंपनीला भेट द्यायला गेले. पाहतात तर काय, एका बंगल्यात मोजकी माणसं साध्या संगणकांवर काम करत होती आणि त्यांच्या मदतीला विद्यार्थी होते. ‘यांना जमतं, तर आपल्याला का नाही?’ असा धीर घेऊन दोघं परतले.

पैसा थोडा, माणसं थोडी. त्यामुळे आखणी साधीच ठेवणं भाग होतं. शिवाय चिप फार तापून चालणार नव्हती. तापणाऱ्या चिपला महागडं चिनी मातीचं वेष्टण लागतं. यांना हवं होतं स्वस्त प्लॅस्टिकचं. २६ एप्रिल १९८५ रोजी तयार चिप हाती आली आणि पहिल्याच दिवशी चालूही झाली. तिच्यात फक्त २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ८०३८६ या चिपमध्ये होते २,७५,०००!

फर्बर यांनी चिपला वीज किती लागते हे मोजायला मापकयंत्र जोडलं. काटा शून्यावर! यंत्र बिघडलं म्हणावं, तर चिप मात्र व्यवस्थित चालतेय. शोधाशोध केल्यावर कळलं, की चिपचा वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. शेजारच्या मंडलांकडून येणाऱ्या संदेशांतून जी किंचित वीज झिरपत होती, तेवढ्यावर ही बहाद्दर चिप चालली होती!

हीच ती ‘आर्म’ चिप. पुढे मोबाइल आले. मोबाइलला हवी होती कमी वीज खाणारी चिप, कारण त्याची सगळी मदार बॅटरीवर. स्वस्त वेष्टणासाठी केलेली काटकसर अशी जगाच्या कामी आली. आज जवळजवळ सगळे स्मार्टफोन याच घराण्यातल्या चिपवर चालतात.

आपल्या देशातही हे काम सुरू आहे. आयआयटी मद्रासमध्ये ‘शक्ती’ नावाच्या चिप आखल्या गेल्या आणि २०१८ मध्ये त्या प्रत्यक्षात उतरल्या. मुंबईत पवईच्या आयआयटीमधल्या गटानं आखलेला ‘अजित’ २०१९ मध्ये आला. ‘अजित’ घडवला कुठे माहीत आहे? त्याच मोहालीच्या कारखान्यात!

पांढरे कपडे कुणासाठी?

चिपच्या कारखान्याचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, फक्त डोळे उघडे. आपल्याला वाटतं, काहीतरी धोक्याचं काम असेल, म्हणून या माणसांना इतकं जपतात. पण गंमत अशी, की हा पोशाख माणसाला वाचवण्यासाठी नाहीच! तो चिपला माणसापासून वाचवण्यासाठी आहे. आपल्या अंगावरून त्वचेचे, केसांचे, कपड्यांचे कण सारखे गळत असतात. त्यातला एक जरी चकतीवर पडला, तरी चिप फुकट जाते.

धूळ हटवायची ही कला १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी शोधून काढली. त्याआधी लोक खोली धुऊन-पुसून स्वच्छ ठेवत. तरी धूळ उडायचीच. व्हिटफील्ड यांनी साधा विचार केला: धूळ पुसत बसण्यापेक्षा ती उडाल्याबरोबर हवेच्या झोतानं घेऊन का जाऊ नये? गाळलेली हवा त्यांनी सगळ्या खोलीभर एकाच दिशेनं वाहती ठेवली आणि जमिनीतल्या जाळीतून बाहेर नेली. खोलीतले धुळीचे कण मोजायला घेतले, तेव्हा आकडा इतका कमी आला, की पाहणाऱ्यांना वाटलं मोजणारं यंत्रच बिघडलंय!

अतिशय स्वच्छ प्रतीच्या अशा खोलीत एक घनफूट हवेत, म्हणजे साधारण एका मोठ्या डब्याएवढ्या जागेत, अर्ध्या मायक्रॉनचा जेमतेम एक कण चालतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. आता कळलं ना, काय बारीक नजरेनं ही धूळ पकडतात ते?

म्हणजे धूळ पकडायची विद्या माणसाला साठ वर्षांपूर्वीच आली होती. हे एवढं मनाशी धरा आणि माझ्याबरोबर मंदसौरला चला.

मुलतानपुरा

मंदसौर शहराजवळ मुलतानपुरा नावाचं गाव आहे. या भागात थरांचा मऊसर दगड सापडतो. त्याच्याच पेन्सिली करतात. आधी हे काम हातकरवतीनं व्हायचं. मग वीज आली आणि गरगर फिरणारी गोल करवत आली. कामगार दगडाची फळी हातात धरून करवतीपुढे सरकवायचा. झर्रकन कांडी कापली जायची आणि त्याबरोबर पांढुरकी धूळ त्याच्या तोंडावर उडायची. एक कांडी, एक भपका. दिवसभरात किती कांड्या आणि किती भपके, हिशेब करा! नाकाला फडकं बांधलं तरी त्यातून बारीक धूळ आत जायचीच.

काही वर्षांत माणसाला खोकला लागायचा. मग दम लागायचा. चार पायऱ्या चढवेनात. वजन घटत जायचं. बऱ्याचदा क्षयरोग समजून औषध चालू व्हायचं, पण गुण यायचा नाही. बाप अंथरुणाला खिळला, की घर चालवायला करवतीपुढे बसायची ती त्याची मुलं. एक मूल शाळेत पेन्सिलीनं ‘ग म भ न’ गिरवतंय आणि त्याच वयाचं दुसरं मूल ती पेन्सिल कापतंय, असं ते चित्र होतं. पुढे मुलांना मनाई असलेल्या धोक्याच्या कामांच्या सरकारी यादीत पेन्सिली बनवणं आणि त्या पॅक करणं ही दोन्ही कामं घातली गेली, ती उगाच नव्हे.

फुफ्फुसात काय होतं?

आपलं नाक म्हणजे हुशार पहारेकरी. धुळीचे मोठे कण ते केसांत आणि शेंबडात अडकवतं. पण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण त्याला चकवतात आणि थेट फुफ्फुसाच्या टोकाशी, हवेच्या इवल्या फुग्यांपर्यंत पोचतात. या वायुकोशांमध्ये शरीराचे सफाई कामगार असतात. या भक्षक पेशी आलेला जंतू किंवा कण गिळून टाकतात. सिलिकाचा कण आला की त्या नेहमीप्रमाणे तो गिळतात. पण हा कण काही पचत नाही. उलट गिळणारी पेशीच मरते. कण पुन्हा मोकळा! मग दुसरी पेशी येते, तोच कण गिळते आणि तीही मरते. दर वेळी तिथे सूज येते, व्रण पडतो. जखमेवर जशी कडक खपली धरते, तशी फुफ्फुसात ठिकठिकाणी कडक गाठी होतात. फुग्यासारखं मऊ असायला हवं ते फुफ्फुस ताठर होत जातं.

या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध अजूनही नाही. काम सोडल्यावरही आजार वाढत जाऊ शकतो. शिवाय अशा फुफ्फुसाला क्षयरोग लवकर गाठतो. हे त्या कणाचं तिसरं घर.

घाबरू मात्र नका. समुद्रकाठी वाळूचे किल्ले केल्यानं सिलिकोसिस होत नाही, कारण वाळूचे कण श्वासातून खोल जाण्याएवढे लहान नसतात. पाटीवर लिहिल्यानंही तो होत नाही. वर्गातला खडू तर वेगळ्याच पदार्थाचा, कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. धोका असतो तो दगड कापताना, फोडताना, घासताना उडणाऱ्या ताज्या, अतिबारीक धुळीचा. तीच वर्षानुवर्षं श्वासातून आत घेणाऱ्या माणसाला हा आजार होतो.

पाचशे त्र्याण्णव माणसं

अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. कामामुळे माणसाला कोणते आजार होतात आणि ते टाळायचे कसे, याचा अभ्यास ती करते. १९६६ साली तिची स्थापना झाली. या संस्थेचे शास्त्रज्ञ मंदसौरला गेले. त्यांनी कारखान्यांतली धूळ मोजली, कामगारांना तपासलं, छातीचे एक्स-रे काढले. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस होता. पुढच्या पाहणीत दिसलं, की दरम्यान मरण पावलेल्या कामगारांचं सरासरी वय ३५ च्या आसपास होतं. तुमच्या बाबांचं वय काय आहे? बघा विचार करून.

आता कुणी म्हणेल, धुळीनं माणूस आजारी पडतो हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? गावाला ते दिसत नव्हतं का? दिसत होतं ना. पण ‘आमची माणसं मरताहेत’ या बोलण्याला कचेरीत कुणी उत्तर देत नाही. ‘अमुक कामगार तपासले, तमुक जणांच्या एक्स-रेमध्ये डाग, हवेत धूळ इतकी’ असं लिहून समोर ठेवलं, की टाळणं अवघड होतं. मोजणं म्हणजे दुःखाला पुरावा मिळवून देणं.

आणि उपाय? तो काही रॉकेट बनवण्याइतका अवघड नव्हता. करवतीच्या पात्यापाशीच धूळ ओढून घेणारा नळ आणि पंखा बसवायचा. धूळ उडून नाकाशी जायच्या आतच तिला पकडायचं. आठवलं काही? व्हिटफील्ड यांची युक्ती हीच तर होती! जिथे जमेल तिथे पाणी सोडून दगड कापायचा, म्हणजे धूळ चिखल होऊन खाली बसते. मध्य प्रदेशात पेन्सिल-कामगारांच्या कल्याण निधीसाठी १९८२ मध्ये कायदाही झाला होता.

पण कागदावरचा उपाय आणि चालू असलेला पंखा यांत फरक असतो. पंख्याला पैसे लागतात, वीज लागते. पिशवीत साठलेली धूळ रोज कुणीतरी काढायला हवी. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सिलिकोसिसची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं केलं होतं. पण यंत्र असूनही दहापेक्षा कमी माणसं असतील, तर ती जागा त्या कायद्याच्या लेखी ‘कारखाना’च नसायची! घराच्या पडवीत करवत लावून बसलेला माणूस हिशेबातून बाहेरच राहायचा. गुजरातमध्ये खंभातला अकीक हा शोभेचा दगड घासणाऱ्या कारागिरांचंही तेच. घरातच सहाण, घरातच धूळ आणि त्याच घरात बायकामुलं.

इथे थोडं थांबू या. चिपवर धूळ बसली, तर कोट्यवधींचं नुकसान होतं. म्हणून तिथे धुळीचा एकेक कण मोजला गेला. करवतीपुढच्या माणसाच्या फुफ्फुसात धूळ बसली, तर नुकसान होतं त्याचं आणि त्याच्या घराचं; म्हणून तिथे मोजायला कुणी लवकर आलं नाही. विद्या दोन्हीकडे एकच होती. ती कुणासाठी वापरायची, हे ठरवणारी माणसं वेगळी होती.

चिपच्या कारखान्यातही!

तुम्हाला वाटेल, चिपचे कारखाने तरी इतके स्वच्छ, तिथे कसला त्रास? पण ‘चिपसाठी स्वच्छ’ म्हणजे ‘माणसासाठी सुरक्षित’ असं नसतं. चिपवर नकाशा छापताना जे द्रव वापरत, त्यांत काही ग्लायकॉल ईथर नावाची रसायनं होती. धूळ नव्हती, पण वाफ होती. अमेरिकेत १९८६ ते १९९२ या काळात झालेल्या तीन अभ्यासांत दिसलं, की या रसायनांशी संबंध येणाऱ्या स्त्रियांमध्ये पोटातलं बाळ जन्माआधीच दगावण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यानंतर तिथल्या कारखान्यांनी ही रसायनं बदलायला घेतली. म्हणजे प्रश्न विचारला, मोजलं आणि मार्ग निघाला.

प्रश्न एकदा सुटला म्हणून कायमचा सुटत नाही, हेही खरं. अलीकडे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्‌झची चकचकीत फळी वापरतात. त्यातल्या अनेक फळ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असते. त्या कोरड्या कापणाऱ्या तरुण कामगारांना अनेक देशांत सिलिकोसिस झाला. शेवटी ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा फळ्यांवर बंदीच घातली.

तुम्ही काय कराल?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण ‘उपयोजित संशोधन’ असा जड शब्द वाचतो. म्हणजे उपयोगात येणारं संशोधन. पण उपयोग कुणाला, हा प्रश्न त्यात लपलेला असतो. आठ वर्षांच्या जॉनला, मोबाइल वापरणाऱ्या तुम्हाला, की करवतीपुढे बसलेल्या माणसाला? एखादी नवी वस्तू हातात आली, की आपण विचारतो, ‘ही काय करते? केवढ्याला मिळते?’ त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘ही कुणी केली आणि करताना त्याला काय झालं?’

अहमदाबाद जिल्ह्यात धोलेरा इथे २०२४ च्या मार्चमध्ये चिपच्या मोठ्या कारखान्याची पायाभरणी झाली. कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करणारी ती संस्थाही अहमदाबादचीच. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी चिप आखेल, कुणी डॉक्टर होऊन कामगारांची छाती तपासेल. दोघांची गाठ पडली पाहिजे, एवढं मात्र बघा.

पण त्यासाठी मोठं व्हायची वाट पाहायला नको. तुमच्या घरी किंवा सोसायटीत कधीतरी फरशीचं काम निघेलच. फरशीवाले काका कटर लावतात, कर्रर्र आवाज होतो आणि पांढरा लोट उठतो. आई म्हणते, ‘आत जा रे, धूळ उडतेय!’ आपण दार लावून आत जातो. काका मात्र तिथेच असतात. पुढच्या वेळी बाबांना सांगा, काकांशी बोलायला. काम मोकळ्या हवेत करता येईल का? पाणी सोडून फरशी कापणारं यंत्र आणता येईल का? (साध्या विजेच्या कटरवर तुम्ही मात्र पाणी ओतू नका हं, शॉक बसेल!) धूळ रोखणारा चांगला मास्क त्यांच्याकडे आहे का? नसेल तर आपण आणून देऊ शकतो का? फरशी आपल्या घरात लागणार आहे. तिची धूळ त्यांच्या घरी जायला नको.

करून पाहा

साहित्य: खडूनं भरलेलं एक डस्टर, एक ओलं फडकं, एक कोरडं फडकं आणि खोलीत येणारा एक कवडसा.

उन्हाच्या पट्टीजवळ, पण नाकापासून लांब, डस्टर हलकेच एकदा आपटा. पट्टीत कण किती वेळ तरंगताना दिसतात, ते घड्याळ लावून मोजा. आता खडूनं लिहिलेला फळा एकदा कोरड्या फडक्यानं आणि एकदा ओल्या फडक्यानं पुसा. दोन्ही वेळा कवडशात पाहा. काय फरक दिसला, तो वहीत लिहा आणि वर्गात बाईंना दाखवा.

एवढासा तो ओलावा, पण काय काम करतो पाहिलंत ना?